सात सुयांचं घर

आईच्या जुन्या परकराचं फ्लॅनेल,
बाबांच्या चर्चला जायच्या पॅन्टचा गुडघ्याखालचा भाग,
कारण गुडघे कधीच गेले होते,
आणि आतून पिठाच्या पोत्याचं कापड,
ज्यावरची निळी अक्षरं तीनदा उकळूनही हटली नाहीत.
एवढ्यावर मी ओबेदसाठी सुयांचं घर शिवायला घेतलं,
फेब्रुवारी संपताना, जेव्हा आमच्या खाडीत
बर्फ दारापर्यंत येऊन बसतो
आणि कॉड वाळवायचे माचे रिकामे करकरतात.

बाबा म्हणाले, सील मारायला निघालेल्या पोराला
सुया कशाला? तिथे सुरी लागते.
मी म्हटलं, मोजा फाटला तर सुरीने शिवेल का?
ते पाइप शोधायला उठले.
पाइप तोंडातच होता.

एका टोकाला टाचण्यांसाठी उशी केली,
काडेपेटीएवढी,
आत न धुतलेली लोकर, मेंढीच्या अंगच्या तेलासकट.
धुतलेल्या लोकरीत टाचणी गंजते,
सबीना काकूंनी सांगितलेलं.
माझा नवराही तसाच, म्हणायच्या,
स्वच्छ, आणि काही कामाचा नाही.

सुया सात.
दोन बारीक, शर्टाच्या गुंड्यांसाठी,
तीन लांब नेढ्याच्या, लोकरीच्या,
एक शिडाची, तिधारी,
आणि एक, जिने मी हे सगळं शिवत होते.
ती शेवटपर्यंत बाहेर.
गाठ मारून, दाताने दोरा तोडून झाल्यावरच
तिला आत घेता येतं.

निघायच्या आदल्या रात्री फीत लावायची राहिली होती.
ही तू लाव, म्हटलं.
दिव्यापाशी बसला, जीभ दातांत धरून.
नेढ्यात दोरा जाईपर्यंत
चुलीतलं लाकूड जळून खाली बसलं.
पहिले दोन टाके माझ्यासारखे,
पुढचे शनिवारी रात्री घरी येणाऱ्या माणसासारखे.
मी उसवले नाहीत.

एप्रिलच्या शेवटी परत आला.
त्याला तेलाचा वास, त्या कापडालाही.
फीत त्याने पुन्हा लावली होती,
टाके बारीक, सरळ,
खरं सांगायचं तर माझ्याहून सरळ.
मला थोडा रागच आला.
उशीतली एकही टाचणी गंजली नव्हती.
फ्लॅनेलवर मात्र सुयांच्या तांबूस सावल्या,
एकेकीच्या जागी एकेक.
मोजल्या.
आठ.

आठवी आमची नाही.
जाडी, कमरेत किंचित वाकलेली,
नेढ्यात वीतभर हिरवा दोरा.
आमच्या घरात हिरवा दोरा नाही.
सबीना काकूंकडे नाही.
दुकानात काळा मिळतो, पांढरा,
आणि खिडकीत उन्हाने करडा पडलेला निळा.

ही कुणाची? मी विचारलं.
तो जेवत होता.
म्हणाला, बटाटे छान झालेत.
आमच्याकडे बटाट्यांचं कौतुक
आजवर कुणी केलेलं नाही.

धक्क्यावर लोक काहीबाही बोलत होते,
पलीकडच्या उपसागरातला कुणी पोरगा,
कुणी म्हणे आजारी, कुणी म्हणे दुसऱ्या जहाजावर गेला.
मी टोपली उचलून घरी आले.

या फेब्रुवारीत नवं फ्लॅनेल लावायला घेतलं.
सात जागच्या जागी खोचल्या.
आठवी बोटांत धरून त्याच्याकडे पाहिलं.
त्याने ती घेतली नाही,
कापड घेतलं,
माझी शेवटची गाठ नखाने सोडवली,
म्हणाला, थिर्झा, ही ओल्या हाताला सुटते,
आणि दुसरी मारली,
मला न येणारी, दोनदा वळसा घेऊन
स्वतःखालून निघणारी.

हिरवा दोरा आहे तसाच आहे.
ती गाठ त्याला कुणी शिकवली,
हे विचारायला तोंड उघडलं होतं मी.
पण बटाटे चुलीवर होते.